दर एक्झिटला एक कडवं

"अजून थोडं शिल्लक आहे म्हाताऱ्यात," कोटाच्या बाहीत हात घालता घालता ती बाई नवऱ्याला म्हणाली.

"असेल," नवरा म्हणाला, "पण ते एक गाणं म्हणायला काय झालं होतं त्याला?"

दोघं माझ्या टेबलासमोरच उभी होती. टेबलावर सीडी मांडलेल्या होत्या आणि मागे मी बसले होते. मी असून नसल्यासारखी असते, त्यामुळे लोक माझ्यासमोर मोकळेपणानं बोलतात. पण माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात चीजचा तुकडा घेऊन, ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते गायक स्वतः उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

परत येताना गाडी तेच चालवत होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या गावाकडे, कॅरीकडे, वळणाऱ्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "थोडं शिल्लक आहे. तुला काय वाटतं, कुठल्या भागात असेल?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"इतर माणसं एका भाषेत गप्प बसतात," ते म्हणाले, "तू दोन भाषांमध्ये बसतेस. ही मोठी विद्या आहे."

त्या दिवसापासून ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. टूथपेस्टची ट्यूब पिळताना, केचपची बाटली उलटी करून थोपटताना, पेट्रोलचा काटा तळाला गेला असताना ते गंभीरपणे म्हणायचे, "अजून थोडं शिल्लक आहे म्हाताऱ्यात." स्वतःवरचा शेरा त्यांनी असा घरभर वापरून गुळगुळीत करून टाकला. बोचणाऱ्या गोष्टींचं ते असंच करत.

ते आयरिश होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा लहान गावातले. स्वतः गाणी लिहायचे, स्वतःच चाली लावायचे आणि गिटारवर गायचे. तरुणपणी त्यांचं एक गाणं जगभर गाजलं. इतकं, की सांगलीत आमच्या इंग्रजी शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका मुलानं ते म्हटलं होतं. ते कोणाचं, हे त्या मुलालाही माहीत नव्हतं आणि त्याला बक्षीस देणाऱ्या बाईंनाही. पुढे मी त्याच माणसाच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहीन, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी नेहमीप्रमाणे काहीच बोलले नसते.

मी त्यांना ओळखू लागले तोवर त्या गाण्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती. मोठी थिएटरं गेली होती. मग बार आले, मग पुस्तकांच्या दुकानातले कोपरे, आणि शेवटी लोकांचे दिवाणखाने. इकडे ही पद्धत आहे. रविवारी दुपारी कोणीतरी आपल्या घरातले सोफे भिंतीला लावतं, घडीच्या खुर्च्या मांडतं, शेजारीपाजारी एकेक पदार्थ घेऊन येतात आणि गाणारा माणूस फायरप्लेसपाशी उभा राहून तासभर गातो. माइक नसतो. "ज्या दिवाणखान्यात माइक लागतो, तो दिवाणखाना नाही, विमानतळ आहे," असं ते म्हणत. आपली घसरण झाली आहे हे त्यांना मान्य नव्हतं. "श्रोते जवळ जवळ येत चाललेत. आणखी थोडा जगलो तर मांडीवर बसतील."

खोलीची जाहिरात त्यांनी लायब्ररीतल्या फळ्यावर लावली होती. "वरच्या मजल्यावरची खोली. भाडेकरू शांत हवा. घरमालक शांत नाही." मी औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागले होते. दिवसभर कोणाशी न बोलता काम करता येतं, हे त्या नोकरीचं मला सगळ्यात आवडलेलं अंग होतं. जाहिरात वाचून वाटलं, ही जागा माझ्यासाठीच आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी घर दाखवलं आणि स्वयंपाकघरात फ्रिजची ओळख करून दिली. "हा माझा साथीदार." फ्रिज फार जुना होता आणि अखंड एका सुरात घुमायचा. ते गिटार त्याच्या सुराला लावून घेत. कार्यक्रमाला जाण्याआधी अर्धा तास फ्रिजकडे पाठ करून स्टुलावर बसत आणि डोळे मिटून त्याचा सूर भरून घेत. मला आमच्याकडचा तानपुरा आठवला, पण पहिल्याच दिवशी घरमालकाशी तानपुऱ्याबद्दल बोलणारी मी नव्हे. पुढे एकदा फ्रिज बंद पडायला आला. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीनच घ्या, आताचे अगदी सायलेंट असतात. ते त्याला म्हणाले, "तुझ्या आईविषयी कोणी असं बोललं तर तुला चालेल का?"

त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मला बरेच दिवस जमलं नाही. अमेरिकेत सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारत. माझ्या बाबांपेक्षा मोठ्या माणसाला मी तसं म्हणू शकत नव्हते आणि 'मिस्टर' म्हटलं की ते पाठीमागे वळून कोण आलंय ते बघत. म्हणून मी काहीच न म्हणता त्यांच्या नजरेच्या टप्प्यात जाऊन उभी राहायचे. "आलं बघा, आमचं मांजर," असं ते रिकाम्या खोलीला सांगायचे.

माझा चहा मात्र त्यांना मनापासून पटला होता. आलं ठेचून, दूध घालून मी तो खळाखळा उकळायचे. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "या देशात चहाला शिक्षा करणारं कोणीतरी भेटलं. बाकीचे त्याला नुसतं रागावून सोडून देतात."

वसंतात कॅरीमध्ये पाइनच्या झाडांचा पिवळा पराग पडतो. गाड्या, अंगणं, टपालाच्या पेट्या, सगळ्यांवर हळदीसारखा थर बसतो. शेजारी वैतागून गाड्या धुवायचे. हे गाडी धुवायचे नाहीत. बॉनेटवरच्या थरात बोटानं त्या दिवशीची गाणी ओळीनं लिहायचे आणि तशीच गाडी घेऊन कार्यक्रमाला निघायचे. वाटेत पाऊस आला की यादी पुसली जायची. "मग काय गाणार?" मी एकदा न राहवून विचारलं होतं. म्हणाले, "पावसानं ठेवलंय ते."

पण ते गाजलेलं गाणं त्या यादीत कधीच नसे. प्रत्येक दिवाणखान्यात कोणीतरी ते मागायचंच आणि हे प्रत्येकाला वेगळं कारण द्यायचे. एकाला सांगितलं, ते मी एका बिस्किटाच्या कंपनीला विकलंय, आता दुसऱ्याच्या मालाला हात कसा लावू. एका बाईंना म्हणाले, "ते बावीस वर्षांच्या पोरानं लिहिलंय. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही." हे दुसरं मला खरं वाटलं होतं. ती बाई हसली, पण सांगताना ते हसत नव्हते.

त्यांना नवी गाणी गायची होती. आणि नव्या गाण्यांतलं खरं एकच. ते त्यांच्या बायकोवरचं होतं.

बायको अमेरिकन, नर्स होती. तिच्यामुळेच ते या गावात आले. ती वर्षानुवर्षं रात्रपाळी करायची आणि सकाळी हायवेवरून घरी यायची. मग दिवसभर झोपायची. घरात आवाज नको म्हणून हे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत बसून गाणी लिहायचे. ती आजारपणात गेली. मी राहायला आले त्याच्या दोन हिवाळे आधी. तरीही गाणं लिहायला हे गाडीतच जाऊन बसत. घरात आता झोपलेलं कोणी नव्हतं, पण सवयीला ते कोण सांगणार.

ते गाणं म्हणजे तिचा परतीचा रस्ता होता. हॉस्पिटलच्या पार्किंगपासून सुरू व्हायचं आणि हायवेवरून बाहेर पडणाऱ्या दर फाट्याला, दर एक्झिटला, एक कडवं. एका एक्झिटला ती कॉफी घ्यायची. एकीपाशी रताळी विकणारा म्हातारा ट्रक लावून बसायचा. एकीपाशी सूर्य समोरून डोळ्यांत यायचा आणि ती सनशेड खाली करायची. शेवटच्या कडव्यात गॅरेजचं दार वर जायचं आणि आत, गाडीत, गिटार घेऊन बसलेला नवरा दिसायचा. चाल साधी होती, चालत्या गाडीसारखी एका लयीत जाणारी. स्वयंपाकघरात फ्रिजबरोबर ते मी पुष्कळदा ऐकलं होतं. माझंही पाठ झालं होतं.

दिवाणखान्यात मात्र ते पुरं होत नसे. रताळ्यांच्या ट्रकच्या कडव्यापर्यंत यायचे आणि पुढचं कडवं हरवायचं. दर वेळी तिथेच. गिटार त्याच दोन सुरांमध्ये फिरत राहायची, ते समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे आणि मग हसून म्हणायचे, "एक्झिट चुकलो. चला, दुसरं गाणं." लोक समजूतदारपणे टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या मला सहन व्हायच्या नाहीत.

घरी आल्यावर हसणं संपलेलं असायचं. एकदा गाडी गॅरेजमध्ये घेतल्यावर ते उतरलेच नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "मी मध्ये थांबलो की ती हायवेवरच राहते. कळतंय का तुला? मी घरी येतो, जेवतो, झोपतो. ती तिथेच, रताळ्यांच्या ट्रकपाशी."

एका यजमानांनी सुचवलं होतं, समोर टॅबलेटवर शब्द ठेवा, हल्ली सगळेच ठेवतात. एकदा ठेवून पाहिला. तेव्हा शब्द आले आणि गाणं गेलं. "मी तिला घरी आणत नव्हतो, तिचा नकाशा वाचून दाखवत होतो," म्हणाले, आणि टॅबलेट परत केला.

त्यांची मुलगी लांब, ऑरेगनला होती. ती दर रविवारी फोन करायची, आणि हे स्पीकरवर बोलायचे, कारण त्यांना दोन्ही हात मोकळे लागायचे. त्यामुळे मलाही ऐकू यायचं. ती वाईट नव्हती. बापाचं हसं होऊ नये एवढंच तिला वाटत होतं. एका रविवारी ती म्हणाली, "डॅड, लोक कीव करायला लागायच्या आधी थांब. प्लीज. आणखी एकदा मध्ये थांबलास तर बंद करशील का? माझ्यासाठी?"

त्यांनी हातातला बटाटा सोलून भांड्यात टाकला. मग म्हणाले, "बरं. आणखी एकदा."

फोन ठेवल्यावर मी चहा टाकला. तेव्हा त्यांनी त्यांच्या गावातल्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली. हिवाळ्यात शेजारी तिथे जमायचे आणि एकेक जण गायचा. वाद्य नाही, काही नाही. गाणारा भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचा. शेजारचा माणूस त्याचा हात हातात घ्यायचा आणि गाण्याबरोबर हळूहळू गोल फिरवायचा, विहिरीचा रहाट ओढावा तसा. आणि गाणं अवघड जागी आलं की कोपऱ्यातून कोणीतरी बोलायचं. शाब्बास रे. चल पुढे. देव तुझ्या पाठीशी आहे. "लहानपणी मला वाटायचं ती बडबड गाण्यातच लिहिलेली असते," ते म्हणाले. "इथे लोक किती छान ऐकतात. हलत नाहीत, खोकत नाहीत. माझं ऑपरेशन चालू असल्यासारखे बसतात. आणि मी त्या शांततेत एकटा जिना उतरतो. पुढची पायरी आहे की नाही, कोणी सांगत नाही."

मी बोलले, याचं अजून मला नवल वाटतं. मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं.

सांगलीत बाबांचं औषधांचं दुकान आहे. गाण्याचा कार्यक्रम म्हटला की ते दुकान लवकर बंद करून पुढच्या रांगेत जाऊन बसतात. आणि आवडलेली जागा आली की हात वर करून मोठ्यांदा म्हणतात, "आहाहा! वन्स मोअर!" गाणं संपल्यावर नव्हे, मध्येच, एका ओळीसाठी. आमच्या शाळेत बोलायचं असलं तर हात वर करून परवानगीची वाट बघायची असे, आणि इथे माझे बाबा भर सभेत हात वर करून कोणाचीच वाट बघत नसत. मी खुर्चीत इतकी खाली सरकायचे की बसल्या जागी दिसेनाशी व्हायचे.

"एका ओळीसाठी?" त्यांनी सोलणी खाली ठेवली. "आणि गाणारा मागे जातो?"

"हो. तीच ओळ परत म्हणतो. दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी थोडी वेगळी."

"रागवत नाही?"

"उलट खूश होतो."

"आणि समज, त्याला पुढची ओळ आठवतच नसली, तर?"

"तरी मागेच जातो. आणि येताना ती बहुतेक सापडते."

"लोकांना कळतं, की तो विसरला होता?"

"कसं कळणार? त्यांनीच तर मागितली ना ओळ."

ते फ्रिजकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुमचे लोक फार दयाळू आहेत."

"दयाळू नाहीत," मी म्हणाले. "हावरे आहेत."

इतकं मोठ्यानं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आठवड्याभरात इंडियन ग्रोसरीत मला एक काकू भेटल्या. कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना त्यांनी माझं गाव, शिक्षण आणि लग्न या क्रमानं चौकशी केली आणि मग कुठे राहतेस विचारलं. मी सांगितल्यावर त्या थबकल्या. "अगं, तोच का तो? आमच्या ह्यांचा जीव की प्राण!"

काका मूळचे नागपूरचे, निवृत्त भूलतज्ज्ञ. "आयुष्यभर लोक माझ्यासमोर झोपले," ते सांगायचे, "आता कोणी जागं राहिलं की बरं वाटतं." त्यांच्या बेसमेंटमध्ये महिन्यातून एकदा गाण्याची बैठक व्हायची. मी एकदा गेले होते, सगळ्यात मागे. प्लेनोहून आलेला एक इंजिनियर नाट्यपद म्हणत होता आणि त्याला एक ओळ कोणी सरळ पुरी करू देत नव्हतं. वा, क्या बात है, अरे काय हे, पुन्हा घ्या. काका तर गुडघ्यावर उभे राहिले होते. त्या गोंधळात इंजिनियर इतका फुलला होता, की त्याच्या बायकोनं त्याचा चेहरा बघून फोनवर फोटो काढला.

काकांनी यांचा कार्यक्रम ठरवला. मी घरी येऊन म्हणाले, "ही माणसं गप्प बसत नाहीत. बघालच तुम्ही."

"नक्की?"

"नक्की."

एवढ्या खात्रीनं मी आयुष्यात कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी त्यांनी बॉनेटवर एकच ओळ लिहिली, बायकोवरच्या त्या लांबलचक गाण्याच्या नावाची.

आता मी दुसऱ्या राज्यात, वेस्ट विंडसरला असते. ते ऑरेगनला, मुलीकडे. फ्रिज त्यांना नेता आला नाही. मुलीचा फ्रिज सायलेंट आहे, त्यामुळे ते तिच्या ड्रायरला सूर लावतात, असं तिनं मला कळवलं. आणि हेही, की एका चर्चच्या हॉलमध्ये ते अजून गातात. कार्यक्रम संपल्यावर लोक तिला विचारतात, हे मध्येच मागे जायचं ते कुठे शिकले. ती सांगते, "नॉर्थ कॅरोलिनात, एका बेसमेंटमध्ये."

त्या रविवारी आम्ही त्या बेसमेंटमध्ये पोचलो तेव्हा वडे तळल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. सतरंज्या, खुर्च्या, तीन पिढ्या. काका कुर्ता घालून पुढे आले आणि त्यांनी यांचे दोन्ही हात धरले. "सर, डेट्रॉइटमधला माझा पहिला विंटर. गाडीत रेडिओवर तुमचं ते गाणं लागलं. घरची इतकी आठवण आली, की गाडी बाजूला घेऊन रडलो. आज ते ऐकायचंय."

मी मनात डोळे मिटले. आता बिस्किटाची कंपनी येणार. पण ते काकांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग ते तुमच्याकडेच राहू द्या. माझ्यापेक्षा तुमच्याकडे चांगलं राहिलंय."

काकांनी यांना हाताला धरून पुढे नेलं. 

हे फायरप्लेसपाशी उभे राहिले, हात चोळले आणि मला खुणेनं विचारलं, ही खोली बोलणार ना? मी मान हलवली. तेवढ्यात काका उठून मराठीत सगळ्यांना म्हणाले, "मंडळी, एक रिक्वेस्ट आहे. ग्रुपवर टाकलंच होतं, तरी परत सांगतो. आज आपल्या बैठकीसारखं मध्ये मध्ये वा-वा करायचं नाही. हे आपलं गाणं नव्हे. इंग्लिश कार्यक्रमाला पिनड्रॉप सायलेन्स लागतो. टाळ्या गाणं संपल्यावर. आपली इज्जत राखा यार."

"आणि वडे आत्ताच खाऊन घ्या रे पोरांनो," काकू म्हणाल्या. "प्लेट्स पेपरच्याच घ्या, स्टीलच्या वाजतात."

फायरप्लेसपासून यांनी ओठ हलवून मला विचारलं, काय म्हणतायत?

"वेलकम करतायत," मी म्हणाले.

काकांच्या बाजूला जाऊन चार शब्द सांगायला एवढीच वेळ होती. पण काका बसले होते, दिवे मंद झाले होते आणि खोलीतून चालत जायचं म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. मी मागे, सीडींच्या टेबलापाशीच राहिले.

गाणं सुरू झालं. हॉस्पिटलचं पार्किंग. पहिली एक्झिट. एरवी स्वतःच्या माणसाला एक ओळ धड गाऊ न देणारी ती सगळी मंडळी हात मांडीवर ठेवून, पाठी ताठ करून, पाहुण्याचा मान म्हणून गप्प बसली होती. ज्या माणसानं डेट्रॉइटमध्ये रडून घेतलं होतं, तो डोळ्यांत पाणी आणून ओठ घट्ट मिटून बसला होता. कॉफीच्या कडव्याला मला दिसलं की त्यांची नजर खोलीभर फिरतेय, कोणीतरी बोलेल म्हणून. कोणी बोललं नाही. ती नजर माझ्यावर येऊन थांबली आणि निघून गेली. तीत तक्रार नव्हती. नवा जिना असेल असं वाटलं होतं आणि जुनाच निघाला, असं काहीतरी होतं.

रताळ्यांचा ट्रक आला. म्हाताऱ्यानं हात केला, तिनं हॉर्न वाजवला. कडव्याची शेवटची ओळ त्यांनी फार सुंदर म्हटली. कधी म्हटली नव्हती इतकी. मग गिटार त्या दोन सुरांमध्ये फिरायला लागली.

आणि फिरतच राहिली.

ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. कोणीतरी खुर्ची किंचित सरकवली. काकूंनी बांगड्या मनगटावर दाबून धरल्या. काका सतरंजीकडे बघायला लागले, कीव दिसू नये म्हणून माणूस बघतो तसे. मला पुढचं कडवं येत होतं. पहिला शब्द नुसता पुटपुटले असते तरी ऐकू गेला असता. पण तो शब्द मी दिला असता तर सगळ्यांना कळलं असतं की तो त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या तोंडावर ते हसू यायला लागलं होतं, एक्झिट चुकलो म्हणायच्या आधीचं. ते आलं असतं तर सगळं संपलं असतं. ऑरेगनला फोन गेला असता. आणि ती हायवेवर राहिली असती.

माझा हात वर गेला. शाळेत परवानगी मागायला करतात तसा. वर गेल्यावर लक्षात आलं की हा शाळेतला हात नाही, चारी बोटं उघडी आहेत, हा बाबांचा आहे. खोलीतली सगळी डोकी वळली. माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही, पण तो मोठा होता, सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट फायरप्लेसपाशी गेला, आणि त्यात त्यांच्यासाठी इतके दिवस न सापडलेली हाकही होती.

"आहाहा! काका, ती ओळ... वन्स मोअर!"